पाठकोरा

सिलिंडरवर मी खडूनं तारीख घालते,
बदलला त्या दिवसाची.
मागचा एकोणपन्नास दिवस गेला.
हा बावन्नाव्यावर आहे, ज्योत अजून निळी,
आणि मी कुणाला सांगत नाही. दृष्ट लागेल.

डाळ आदल्या रात्री भिजवायची, एक शिट्टी वाचते.
टूथपेस्टची नळी पोटात कापायची,
आत चार दिवसांच्या सकाळी असतात.
तेलाची रिकामी पिशवी बाटलीच्या तोंडावर पालथी टांगायची,
रात्रभर थेंब थेंब,
सकाळी एक फोडणी.
हे मला कुणी शिकवलं नाही.
कुपवाडच्या फाउंड्रीत ओव्हरटाइम बंद झाला
त्या महिन्यात हात आपोआप शिकले.

शनिवारच्या बाजाराला मी दिवे लागल्यावर जाते.
तासगावकडच्या बायकांना तेव्हा शेवटची एसटी दिसत असते,
वीसचा वाटा दहाला होतो,
मेथी मान टाकून बसलेली, पण मेथीच.
परत येताना रिक्षा नाही.
मार्केट यार्डाच्या अंगानं चालत येते,
पोती हलवून गेलेल्या रस्त्यानं,
टाचा पिवळ्या होतात, फुकटात.
यांना म्हणते, बघा, परत हळद लागली.
हे हसतात, मग खोकतात.

कोरा कागद आम्ही विकत आणत नाही.
लग्नपत्रिका, लाइटबिल, औषधाच्या खोक्याची आतली बाजू,
कुठलंही पाठकोरं चालतं.
यादी तनुजा लिहिते, तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं.
मी बोलते, ती लिहिते.
कधी मी बोलायच्या आधीच लिहून मोकळी:
साखर अर्धा.
संक्रांत आलीय, एक लिही की गं.
अर्धा पुरतो, आई.

काल मगदूम अण्णांकडे यादी दिली.
तुकडा तांदूळ दोन किलो, तूरडाळ अर्धा, साखर अर्धा,
शेंगदाणे पाव,
धुण्याचा साबण एक.
अण्णा यादीच्या पाठीवरच हिशेब करतात.
कागद उलटला, पेन टेकवलं
आणि थांबले.
"हितं जागाच न्हाई ओ वहिनी. छापील हाय."
कपाळावरचा चष्मा खाली ओढला, मोठ्यानं वाचलं,
दुकानात आणखी दोघी होत्या:
शैक्षणिक सहल. सागरेश्वर. इयत्ता सातवी.
शुल्क तीनशे साठ.
खाली तुटक रेघ, रेघेखाली पालकांची सही,
सहीची जागा मोकळी.
शेवटची तारीख उद्याची.

"जाती का मग लेक?"
अण्णांनी सहज विचारलं.
मी म्हटलं, हिशेब त्या पुठ्ठ्यावर करा.
दोनशे एकोणीस झाले.

घरी आले तर ती भांडी घासत होती,
अर्ध्या घासणीनं. घासणी मीच कापलेली.
विचारायचं होतं, मला का नाही सांगितलंस.
विचारलं,
हरीण बघितलंस का गं कधी?
पुस्तकात आहे की, म्हणाली.
पाठमोरीच होती.

संक्रांतीच्या काळ्या साड्या आल्यात फॉलला,
नगाला चाळीस.
तीनशे साठ म्हणजे नऊ. माझ्याकडं सात.
वरच्या ऐंशीचं बघू.
काळ्यावर काळा दोरा दिसेना,
म्हणून रात्री दुसरी ट्यूबही लावली.
पळू दे मीटर.

चौथ्या साडीनंतर उठले, सही केली,
तुटक रेघेवरनं कात्री चालवली.
मागं शेंगदाणे मधोमध चिरले,
तांदूळ, डाळ, साखर माझ्याकडं राहिली.
धुण्याचा साबण मात्र, तिच्या सुवाच्य अक्षरात,
माझ्या सहीच्या पाठीला चिकटून
सकाळी शाळेत जाईल.
बाई वाचतील.
वाचू देत.