सुतळी आणि सफेदा

मोटर जळाली होती, एवढंच.
भांडुपच्या आमच्या पाच मजल्यांना दोन दिवस पाणी नाही,
आणि सेक्रेटरी मी,
म्हणजे जिन्यात भेटेल त्याची आरोपी.

इस्माईल परकारांनी कॉइल भरून आणली.
बटण दाबलं. मोटर गुरगुरली, चालली.
मी पेढे सांगायच्या बेतात,
तर दुसऱ्या मजल्यावर सामंतांच्या भिंतीतून पाणी.

"दाब आला ना," परकार म्हणाले,
जणू पाहुणाच आलाय, त्याला बसायला द्या.

भिंत फोडली. एल्बो कुजलेला.
एल्बो बदलला, तर त्यामागची वीट ओली,
आणि ती ओल आजची नव्हे.
वीट काढली, तर डक्टमध्ये पिंपळाचं मूळ,
मनगटाएवढं, ड्रेनेजच्या पाइपात शिरलेलं,
पागडी भरलेल्या भाडेकरूसारखं निवांत.

मी खर्चाची वही मिटली. पुन्हा उघडली.
"आणखी किती निघणार आहे, परकार?"
ते बशीत चहा ओतत होते.
"निघायचं ते आधीपासनं हाय, बाई.
आपण फक्त बॅटरी मारली."

मग सुतळी घेतली, आट्यांवर गुंडाळली,
वर सफेदा, बोटानं,
पोराच्या गुडघ्याला मलम लावावं तसा.
एक आटा. थांबले. कान दिला. पुन्हा एक.
पुढच्या सांध्याकडे तोवर पाहिलंही नाही.

बेस्टमध्ये तीस वर्षं हिशेब जुळवले मी.
आठ आण्यांचा फरक शोधताना
चौदा रुपयांचा सापडायचा,
आणि मी डबा तसाच घरी आणायचे.
ज्यांच्यापायी उपाशी राहिले
त्यातला एक आकडा आता आठवत नाही.

संध्याकाळी पाचव्या मजल्यावर
डायसबाईंचा नळ खोकला,
तांबडं थुंकला, मग पांढरं, मग नुसतं पाणी.
त्यांनी गॅलरीतून हात हलवला.
परकार पाना पुसत म्हणाले, मूळ उद्या बघू,
आणि उरलेली सुतळी माझ्या हातात देऊन गेले.

रात्री अडीचला माझ्याच स्वयंपाकघरात
टिप्.
बराच वेळ काही नाही.
टिप्.

उठले. दिवा लावला.
नळाच्या तोंडाला सुतळीचं एक टोक बांधलं,
दुसरं पातेल्यात सोडलं.
थेंब यायचा थांबला नाही.
सुतळीवरून उतरत राहिला, आवाज न करता,
आणि मी थोडा वेळ बघत बसले,
चहा टाकावा की झोपावं,
एवढाच प्रश्न.