रिव्हर्समध्ये थांबतो

"चिर्र... नाही, जरा जाड.
ताटलीवर सुरी ओढावी तसा,"
लमारा तोंडानेच काढून दाखवते.
ओतारी रेडिओ बंद करतो.

"ब्रेक दाबल्यावर?"
"न दाबताही."
"आणि मागे घेताना?"
"थांबतो."

कुताइसीचा उतार. ती चालवते भिंतीला खेटून,
तो खिडकीबाहेर डोकं काढून,
आवाज दगडांवर आपटून
त्याच्या धड कानात परत यावा म्हणून.

पॅड जाड आहेत अजून. डिस्क गुळगुळीत.
मागच्या पत्र्याआड स्क्रूड्रायव्हर घालून
तो खडा पाडतो, हरभऱ्याएवढा, पांढरा.

असली खडी फक्त कबरस्तानाच्या वाटेवर,
गेल्याच महिन्यात टाकलेली.
ओतारी विचारत नाही.

ती खडा सुट्ट्या नाण्यांत ठेवते.
गाडी निघते. काहीच वाजत नाही.
पहिल्या वळणाआधी
उगाचच
ब्रेक दाबून बघते.