नाही, असं नाही

नारीनच्या वरच्या खोऱ्यात
दुसरीचा वर्ग रिकामा केला
पाटाच्या पाण्यासाठी.
मोठी माणसं बुटक्या बाकांवर,
गुडघे हनुवटीपाशी,
फळ्यावर अजून सातचा पाढा.
बाहेर कुंपणाला तीन घोडी बांधलेली
आणि आत, तसं म्हटलं तर, चौदा.
जो तो आपलंच पुढे दामटायला आलेला.

माझं काम घड्याळ बघायचं. दुसरं नाही.
पाढ्याखाली मी खडूने नियम लिहिला:
आधी समोरच्याचं म्हणणं सांगा,
तो 'हो' म्हणेपर्यंत.
मग आपलं.

तोक्तोसून उठला.
'अनारबूबूला रात्रीची पाळी नको.'
अनारबूबू म्हणाली, 'नाही, असं नाही.'
'तिला अंधाराची भीती वाटते.'
'नाही.'
मागे कुणी हसलं.
मी घड्याळावर बोट ठेवलं,
हसण्यासाठी वेळ धरला नव्हता.
'तिचा नवरा रशियात, त्यामुळे'
'त्याला मध्ये आणू नकोस.'

तोक्तोसून बसला.
समोवार उकळून गप्प झाला.
मग तो पुन्हा उठला, टोपी हातात घेऊन,
आणि बटाट्याचे वाफे मोजावेत तसा
सावकाश बोलू लागला:
'रात्री दोनला ती पाटावर येते
तेव्हा तान्ही नात घरात एकटी असते.
दाराला बाहेरून कडी.
फळी उचलते हातांनी,
पण कान घराकडे लावलेले.
एकदा मी पाहिलं होतं.
वाटलं, बाई कामचुकार आहे.'

अनारबूबूने नुसती मान हलवली.
मी ते 'हो' धरलं.

मग तिने त्याचं सांगितलं:
दिवसा सोडलं तर अर्धं पाणी ऊनच पितं,
त्याचं शेत टोकाला,
त्याच्यापर्यंत पोचते ती नुसती ओल.
पहिल्याच फटक्यात बरोबर.
इतक्या रात्री पाटावर उभी राहून
तिने दुसरा कसला विचार केला असणार?

खिडकीजवळचा एक बाक मोकळा होता,
खालच्या गावासाठी.
त्यांना बोलावलं नव्हतं.
कुणीतरी त्यांच्या वतीने बसायचं होतं
आणि सगळ्यांना एकाएकी चहा हवा झाला.
चहा देणारी झिल्दिझ, सोळा वर्षांची,
किटली खाली ठेवून तिथे बसली.
'आमच्याकडे,' म्हणाली, अडखळली,
'आमच्याकडे आधी तुमच्या भांडणाचा आवाज येतो.
पाणी मागून. गढूळ.'

आता नियमाप्रमाणे
कुणीतरी 'हो' म्हणायला हवं होतं,
नाहीतर 'नाही, असं नाही'.
चौदा जणांनी एकमेकांकडे पाहिलं.
म्हणू शकेल असं
खोलीत कुणीच नव्हतं.
माझ्याकडच्या घड्याळाला
यावर काही उत्तर नव्हतं.

त्या रात्री फारसं काही सुटलं नाही.
अनारबूबूची पाळी पहाटेवर आली, इतकंच.
पाणी होतं तेवढंच राहिलं,
त्यात कुणाच्या बोलण्याने थेंबाची भर पडली नाही.

पण गुरुवारी तोक्तोसून आणि झिल्दिझ
खालच्या गावाला निघाले,
दोघं दोन घोड्यांवर.
आणि मागे दोरीला
तिसरं, खोगीर घातलेलं,
पाठीवर कुणी नसलेलं.