दंतवैद्य : चार

मार्चमधल्या तापानं नाक जागेवर ठेवलं,
वास तेवढा नेला.
डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू.
धक्क्यावरचं बर्फ गेलं, लॉबस्टरचे सापळे चढले-उतरले,
सप्टेंबरात हेरिंग आली.
वास नाही आला.

आणि चर्चच्या जत्रेला माझ्या पुड्या हव्यात.
एकतीस वर्षं लुनेनबर्गच्या अर्ध्या गावानं
व्हेल्मा झिंकच्या मसाल्यात मासा मुरवला,
कांदा, व्हिनेगर आणि माझी पुडी,
आम्ही त्याला सॉलोमन गंडी म्हणतो.
का, ते आम्हालाही ठाऊक नाही.

प्रमाण कधी लिहिलं नव्हतं.
नाक होतं ना.

मग कान लावले.
मोहरी कढईत आधी वाळूसारखी सरकते,
ऊब लागली की एखादीच, शहाणी, टुणकन उडते.
तिथं थांबायचं, बाकीच्यांचं ऐकायचं नाही.
धणे पोकळ वाजतात, रिकाम्या घरासारखे.
मिरे खुळखुळतात. ऑलस्पाइस जाड आवाजाचा,
खिशातल्या गोट्यांसारखा.
तमालपत्र कडकन मोडलं तर घ्यायचं,
वाकलं तर चुलीत.
माशांच्या कारखान्यात तेवीस वर्षं पट्ट्यासमोर उभी होते मी,
यंत्र बिघडायच्या आधी मला ऐकू यायचं.
हेही जमेल, म्हटलं.

शेपूचं बी मात्र मुकं.
दोन बरण्या. एकीत यंदाचं, परसातलं,
दुसरीत कधीचं कोण जाणे.
रंग तोच. वजन तेच.
हलवून पाहिलं, दोघी गप्प.

तेवढ्यात शेजारचा कोल्बी निकल
अंडी घेऊन दारात.
वय नऊ, गुडघ्याला खपली, नाकाला शेंबूड.
म्हटलं, ते पूस आधी, आणि इकडे ये.

पहिली बरणी : आजोबांचे बूट, गवत कापून आल्यावरचे.
दुसरी : काहीच नाही. पुठ्ठा.
दुसरी कोंबड्यांना गेली.

मग तो खुर्चीवर चढला आणि उतरेचना.
धणे म्हणे, टोक काढलेली पेन्सिल.
ऑलस्पाइस म्हणे, नाताळ, पण गॅरेजमधला.
लवंगेपाशी डोकं झटकन मागे :
दंतवैद्य!
सुंठेला शिंक. दालचिनीला नुसती मान,
ती त्याला आधीच माहीत होती.

सगळं परातीत एक केलं, त्यानं तोंड खाली घातलं,
गालाला मोहरी चिकटली.
दंतवैद्य फार झालाय, म्हणाला.
मी चिमटा घेऊन बसले,
एकेक करून सात लवंगा वेचून काढल्या.
मला त्याच्या नाकाचा हेवा वाटला.
लपवत नाही.

रात्री पहिल्यांदा कार्ड लिहिलं :
पेन्सिल, दोन मोठे चमचे.
गॅरेज, एक.
बूट, दीड, यंदाचेच.
दंतवैद्य, चार. पाचवा नको.
स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच हसले,
मग हसायचं थांबले,
कारण यातला एकही वास
मला आठवून आणता येईना.

जत्रेत चाळीस पुड्या गेल्या.
थेल्मा आयझेनहॉवर पुडी नाकाशी धरून बराच वेळ उभी.
यंदा वेगळा आहे, म्हणाली.
चांगला की वाईट, ते नाही बोलली,
पण दोन घेतल्या.

दहाव्या दिवशी बरणी उघडली.
जिभेला आंबट कळलं, खारट कळलं,
कांदा दाताखाली करकरला,
मोहरीचा एक दाणा फुटला, मग दुसरा.
एवढंच.
आणखी एक तुकडा घेतला.

समोर कोल्बी,
दोन बोटांत नाक घट्ट धरून.
त्याला मासा मुळीच आवडत नाही.
तसेच बसलो आम्ही, दोघंही बिनवासाचे,
बरणी मधे उघडी.