तक्रार-वही

अर्जाचा पहिलाच रकाना : संस्थेचे नाव.
मी लिहिलं, 'नेवेन्का आणि गाडी'.
मुलगा म्हणाला, आई, असं चालत नाही,
काहीतरी भारदस्त लागतं.
खोडलं. मग पुन्हा तेच लिहिलं.

वायॲलामध्ये ही गाडी सगळ्यांना ओळखते,
मीच कधीकधी तिला ओळखत नाही,
इतकी लाल धूळ बसते कारखान्याची.
बाबांसाठी घेतली होती, त्यांचे पाय गेले तेव्हा.
चाळीस वर्षं पोलाद ओतलेला माणूस
लिफ्टवर चढताना डोळे मिटून घ्यायचा,
आणि लिफ्ट अशी किंचाळायची
की समोरच्या घरातला कुत्रा उत्तर द्यायचा.
बाबा गेले. गाडी राहिली.
मग कुणी म्हणालं, दवाखान्यात सोडशील?
कुणी म्हणालं, समुद्र दाखवशील?

आता सरकार म्हणतं : नोंदणी करा.
'अपंगत्व सेवेचा आपला अनुभव, तीनशे अक्षरांत.'
मी मोजत बसते.
'गुडघ्यात वाकायचं, कंबरेत नाही'
एवढ्यातच पंचवीसेक गेली.

ऑडिटर आली ॲडलेडहून, चार तास गाडी हाकत.
फरिबा नाव. चहात साखर नको म्हणाली.
पोलीस पडताळणी पाहिली, आगीचा आराखडा पाहिला,
औषधांच्या नोंदी बोट ठेवून वाचल्या.
'तक्रार-वही?'
मी मिरवतच पुढे केली. कोरी करकरीत.
बारा वर्षांत एक नाही, म्हटलं.
ती हसली नाही.
'कोरी वही म्हणजे तक्रार नाही, असं नसतं.
कधीकधी कुणी विचारलेलंच नसतं.'
ती गेल्यावर कप जरा आपटूनच धुतला मी.

दुसऱ्या दिवशी किरिली.
किरिली डोळ्यांनी बोलते.
आमच्यामध्ये अक्षरांची पारदर्शक पाटी असते,
ती एका अक्षराकडे पाहते, मी पलीकडून तिची नजर वाचते.
चेष्टेतच विचारलं, काय गं, तक्रार आहे का काही?
तिने पाटीकडे पाहिलं. बराच वेळ.
'माझे शब्द तू'
छान वाचते? मी म्हटलं.
डोळे मिटले. म्हणजे नाही.
विसरते?
नाही.
चुकते कधीकधी?
नाही, नाही.
मग मी गप्प बसले.
घड्याळात अकरा मिनिटं गेली. किटली उकळून थंड झाली.
'माझे शब्द तू संपवतेस.'

कॅफेच्या काउंटरवर ती 'ल'कडे पाहायची
आणि मी ओरडायचे, एक लाते!
बारा वर्षं.
लेमोनेड हवं होतं का गं तुला?
तिने डोळे मिटले नाहीत.

वही उघडली. तक्रार क्रमांक एक.
तारीख लिहिली, नाव लिहिलं,
तिचं वाक्य तिच्याच अक्षरांत, एकही न वाढवता.
'केलेली कार्यवाही' या रकान्यात
पेन टेकवून बसून राहिले.
शेवटी लिहिलं : थांबायला शिकते आहे.
फरिबाला हे पुरेल की नाही, ठाऊक नव्हतं.

सातव्या महिन्यात पत्र आलं.
नोंदणी क्रमांक, शिक्का, आणि खाली
'नेवेन्का आणि गाडी', सरकारी टायपात,
जरा लाजल्यासारखं.
किरिलीला दाखवलं.
तिने ते पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं.
'ल'.
माझ्या जिभेवर लेमोनेड तयार होतं.
जीभ दातांखाली धरली.
बाहेर खाडीवरून वारा आला, धूळ आली,
मी खिडकी लावायलाही उठले नाही.
एकेक अक्षर. एकेक.

'लिफ्टला तेल घाल.'

तक्रार क्रमांक दोन.