माशी

निवडणुकीला जमा केली तेव्हा होती,
परत मिळाली तेव्हा नव्हती,
असं म्हणत पुंजाजी थेट्यांनी
गोधडीतली रायफल माझ्या बाकावर ठेवली,
नळी भिंतीकडे करून.
ते कुणाला सांगावं लागत नाही,
अशी माणसं आता थोडी.

दूध बाजारातल्या या गाळ्यात
हल्ली एअर रायफलवाली पोरं येतात,
छर्‍यांची डबी घेतात, मोबाईलवरून पैसे टाकतात.
मी परवाना पाहिला, नंबर ताडला,
वहीत लिहिलं: पुढची माशी नाही.
मागची खाच आहे.

नुसत्या खाचेतून पाहिलं
तर सगळंच नेमावर येतं:
समोरचा चहावाला, त्याचं पातेलं,
विजेचा खांब, त्यावरचा पारवा.
ज्यात सगळं दिसतं
त्यात नेम नसतो.

"ठाण्यात विचारलं?"
"इचारलं ना. हवालदार म्हणला,
माशीच ती, उडाली आसंल."

कुठं माशी शिंकली ते बघू,
अब्बा प्रत्येक गिर्‍हाइकाला म्हणायचे.
मी म्हणालो नाही.
पुंजाजींनी मधे ज्वारीचा दाणा
चिकटवून पाहिला होता तिथे.
तो उंदराने नेला.
गोंदाचा डाग तेवढा होता,
नखाने निघाला.

हा माल आता येत नाही.
ही जिथे घडली त्या कारखान्यात
पुढे शिलाईची यंत्रं व्हायची म्हणे,
मग तीही नाही.
अब्बांचा पत्र्याचा डबा उपडा केला.
अकरा माशा.
एक सैल, एक जाड,
एक भलत्याच देशाची,
बाकीच्यांना गंज.

मग सातपूरच्या भंगारातला
पोलादाचा एक तुकडा
शिकंज्यात धरला आणि कानस लावली.
शेंगदाण्याच्या अर्ध्या पाकळीएवढी वस्तू.
पहिली चुकली.
दुसरीला चार दिवस गेले.
घासताना अब्बांचं ऐकू येत राहिलं:
माशी उंच, तर गोळी खाली.
गोळी उजवीकडे जाते?
मग माशीही उजवीकडे सार.
चूक जिकडे जाते
तिकडेच जायचं थोडं तिच्या मागे,
उलटं ओढायचं नाही.
मला हे समजायला वीस वर्षं लागली,
आणि तेही फक्त बंदुकीपुरतं.

पितळी खिळ्याने ठोकून बसवली.
गच्चीवर गेलो दोघं.
पुंजाजींनी दस्ता खांद्याला लावला,
गाल लाकडावर ठेवला,
बोट घोड्यापासून लांब.
चामरलेणीच्या डोंगराकडे
बराच वेळ पाहत राहिले.
श्वास अर्धा सोडून थांबले,
मग उरलेला सोडला.

"दिसतंय?"
"दिसतंय. एकच दिसतंय."

मी चेष्टेत विचारलं, आता काय, बिबट्या?
ते म्हणाले,
"बिबटीण मागल्या साली आमच्याच उसात व्यायली.
आठ दिस तोडणी थांबवली व्हती.
कारखान्याच्या शिव्या खाल्ल्या.
पिल्लं घेऊन गेली ती रातची, मग कोयता लावला."

आणि रायफल गोधडीत गुंडाळता गुंडाळता:
"सोमवारी जमा करायची हिला. कायमची.
पोरगं परवाना नको म्हणतंय."

मी पैशाचा आकडा सांगणार होतो,
तो तोंडातच राहिला.
"मग माशी कशाला बसवली?"

त्यांनी गोधडीची गाठ मारली,
सोडली, परत मारली.
"बापानं मला पुरी दिली व्हती."

पैसे त्यांनी मोजून दिले,
कमी घ्या म्हणाले नाहीत.
ते जिना उतरून गेल्यावर
वहीत लिहिलं: माशी बसवली.
झाडून चाचणी: नाही.

चुकलेली पहिली बाकावरच होती, किसात.
फुंकर मारली,
अब्बांच्या डब्यात टाकली.
आता बारा.