सहाशे मिलिसेकंद

ओऊलूत डिसेंबर. दुपारी अडीचलाच उजेड आवरतो.
तिसऱ्या मजल्यावर काइसू लॅपटॉप मिटते,
दहा मोजते, उघडते.
पडदा काळा.
काळा.
अजून काळा.
मग एकदम सगळं.
दोन सेकंद आणि वर थोडं.
आज हे एकशे चाळिसाव्यांदा.

नवरा म्हणतो, दोन सेकंदांनी काय बिघडतं?
काही नाही बिघडत.
बुटातल्या खड्याने तरी काय बिघडतं?

नोंदी उलगडते ती, मायक्रोसेकंदांच्या उभ्या ओळी:
कोण कधी उठलं, कोणी कोणाला खोळंबवलं.
आधी मूळ बस जागी होते, मग तिच्या पदराखालचे पूल,
पुलांपलीकडची डिस्क, कॅमेरा, वायफाय, कीबोर्ड,
एकामागे एक, एकाच रांगेत,
जशी पंगतीची जुनी रीत:
शेवटच्या पानावर तूप पडेपर्यंत
पहिल्याने घासाला हात लावायचा नाही.

आणि रांगेच्या मधोमध
आवाजाची एक चिप
सहाशे मिलिसेकंद नुसती आळोखेपिळोखे देत.
तिच्यामागे सगळे ताटकळलेले,
ज्यांचं तिच्याशी देणं ना घेणं.

कोडमध्ये एवढंच: थांब, सहाशे.
वर टिपण: कमी करू नका. दचकते.
खाली नाव, वैक्को राउतियो. तारीख सोळा वर्षांपूर्वीची.

ओळ पुसायला कितीसा वेळ लागतो.
पुसली. यंत्र टुणकन उठलं.
खोलीत टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं;
कॉफीचं मशीन होतं, तेही बिघडलेलं.

चौथ्या दिवशी राहे गावाहून हिल्क्काबाईंचं पत्र.
त्या मुलांना गाणं शिकवतात, चर्चच्या मागच्या खोलीत.
तिथला जुना लॅपटॉप हल्ली झोपेतून
मुकाच उठतो.

ओळ परत आली. काइसू कायानीच्या गाडीत बसली.

वैक्को आता ऐंशीकडे झुकलेला. राईची भाकरी, लोणी,
आणि बोलण्याआधी बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला:
"पाचशेला शंभरात एकदा मुकी राहायची.
साडेपाचशेला हजारात एकदा.
पहाटेपर्यंत झाकण उघड-मीट करत होतो.
सहाशेला कधी चुकली नाही.
त्याच रात्री बायको दवाखान्याच्या दारात
माझ्या गाडीची वाट बघत उभी होती, दोन तास.
तिने कुठे टिपण लिहून ठेवलं नाही."

परतीच्या गाडीत खिडकीबाहेर फक्त बर्फ आणि स्वतःचा चेहरा.
काइसूने सहाशेला हात लावला नाही.
तिने रांग मोडली.
ज्याचं पान वाढलं त्याने जेवायला लागावं.
ज्याला आईची वाट बघायची, त्याने आईचीच बघावी,
अख्ख्या वाडीची नाही.

लिहायला दोन ओळी. निभवायला सात आठवडे.
कॅमेरा कोसळायचा, पण रोज नाही, मंगळवारी, शुक्रवारी,
कोणी बघत नसताना.
शेवटी कळलं, तो इतकी वर्षं
एका शेजाऱ्याच्या विजेवर जगत होता
आणि हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.
रांग होती तोवर निभावलं.
शेजारी नेहमी आधीच उठलेला असायचा.
तिने ते नातं लिहून टाकलं. एक ओळ.
त्यानंतर कॅमेरा शहाण्यासारखा थांबतो, आणि फक्त त्याच्यासाठी.

फेब्रुवारी. सूर्य पुन्हा कामावर.
सातशे वीस मिलिसेकंद, त्यातले सहाशे त्या चिपचे, तिच्या हक्काचे.
पण पडदा तोवर केव्हाच आलेला.
नवऱ्याला फरक जाणवला नाही.
तिने सांगितलंही नाही.

हिल्क्काबाईंचं दुसरं पत्र, लहान:
आता स्वरलिपी लगेच दिसते.
पियानो किंचित मागून येतो.
राहू दे तसंच.
तेवढ्यात मुलं श्वास घेतात.